पाचवं घर

समोरच्या गोऱ्या पाद्र्याकडं तुझं लक्ष असतं का, असं कुणी आक्काला विचारलं असतं तर ती फणकारली असती, "लक्ष द्याय हाय काय त्यात? सोललेल्या बटाट्यावानी तोंड नुसतं!" पण मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत त्या पोराचा अख्खा आठवडा तिच्याइतका दुसऱ्या कुणाला पाठ नव्हता. उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलं की समोर तेच दार. मग काय डोळे झाकून निवडायचे?

सोमवारी तो धुणं धुवायचा. स्वतःचं, स्वतःच्या हातानं. मिशनवाले धुण्याला बाई द्यायला तयार होते, पण ह्याला सेवा करून घ्यायची नव्हती, करायची होती म्हणे. मग करा की! धोपटणं असं हाणायचा की शर्टाची बटणं उडून गटारीत, आणि चड्ड्या वाळत घालायच्या त्या रस्त्याच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर. मंगळवारी आणि गुरुवारी दत्तोपंत त्याला मराठी शिकवायचे. दत्तोपंत म्हणजे कोर्टातले पेन्शनर कारकून आणि त्याचे घरमालक. रस्त्याकडची वेगळ्या दाराची खोली त्यांनी त्याला भाड्यानं दिली होती आणि वर शिकवणीही गळ्यात मारली होती. शिकवणार काय, तर जन्मभर जे लिहिलं तेच. त्यामुळं पोरगं भाजीवालीपुढं उभं राहून 'सदरहू वांगी मला हवी आहेत' म्हणायचं, आणि ती बिचारी पदर तोंडात कोंबून हसायची.

बुधवारी सायकल. पिशवीभर पुस्तिका घेऊन कागलच्या रस्त्यानं खेड्यांत जायचा आणि सांजच्याला रिकामी पिशवी घेऊन, घामानं निथळत, खुशीत परत यायचा. लोकांनी सगळ्या पुस्तिका घेतल्या! घेतल्या तर घेतल्या, त्या तिकडच्या वाणी लोकांना फुटाण्याच्या पुड्या बांधायला चालत होत्या, हे त्याला कोण सांगणार? शुक्रवारी खोलीत बसून उपास आणि प्रार्थना. शनिवारी निळ्या कागदावर घरी पत्र. ते लिहिताना स्वतःशीच हसायचा, मोठ्यानं वाचायचा आणि कडा जिभेनं चाटून चिकटवायचा. रविवारी काळी पँट घालून, गळ्यात तो टायचा फास आवळून मिशनच्या देवळात. झाला आठवडा. सोमवारी परत चड्ड्या.

नाव त्याचं वेस्ली. गल्लीनं पहिल्या आठवड्यातच त्याचा येसाजी करून टाकला. वय बावीस. दोन वर्षं देवाची सेवा करायला अमेरिकेतून आला होता.

"मिशी फुटली न्हाय आजून," आक्का म्हणायची, "आन् आमास्नी देव दावाय आलंय! कोल्लापुरात देव कमी पडलं व्हतं जणू!"

ही गोष्ट एकाहत्तर सालची. तेव्हा आक्काचा तोरा काही और होता. नाव चिमणाबाई, पण त्या नावानं तिला हाक मारायची छाती फक्त तिच्या सासूची, आणि ती वारून बारा वर्षं झाली होती. नवरा गणपतराव, शाहूपुरीत गुळाची अडत. कागलकडं उसाचं रान, दावणीला चार म्हशी. गल्लीत कुणाच्या घरी लग्न निघालं की भांडी आक्काची, भांडण लागलं की निवाडा आक्काचा. तिच्या शब्दापुढं जायची कुणाची बिशाद नव्हती. एकच माणूस गेला, तो तिचा पोटचा पोरगा.

कृष्णात. गुळाच्या गादीवर बसायला सांगितलं तर म्हणाला, मला माश्या मारायच्या नाहीत. आणि एक दिवस कुणाला न सांगता बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. गणपतरावांनी भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला. "ह्या घरात त्येचं नाव काढायचं न्हाय," म्हणाले. काढलं नाही कुणी. पण दर पंधरा दिवसांनी पोराचं पत्र यायचं, आक्का ते शेजारच्या पोरीकडनं वाचून घ्यायची आणि गणपतराव बरोबर त्याच वेळी भिंतीपलीकडं सुपारी कातरत बसायचे. दिवाळीनंतर पत्र यायचं थांबलं. शेवटच्यात लिहिलं होतं, आम्हाला पूर्वेकडं हलवणार आहेत, काळजी करू नका. झालं! काळजी करू नका लिहिलं की आई काय, गुळणी टाकून मोकळी होते?

महिना गेला तशी आक्का रेणुकेच्या देवळातल्या म्हाताऱ्या जोगतिणीकडं गेली. म्हातारीनं कवड्यांची माळ हातात धरली आणि सांगितलं, "पाच शुक्रवार जोगवा माग. दर शुक्रवारी पाच घरं. अनवाणी. आपल्या चुलीचं चालायचं न्हाय, दुसऱ्याच्या चुलीचं पायजे. पाच घरचं पीठ परडीत पडलं की त्याचीच भाकरी करून खायाची, तवर तोंडात अन्न न्हाय. दिवं लागायच्या आत पाची घरं झाली पायजेत. परडीत पडंल ते टाकायचं न्हाय. ह्यात मोडलं तर समदं मोडलं."

"मोडतंय कशाला?" आक्का म्हणाली. पाच काय, तिनं म्हटलं असतं तर पन्नास घरांनी पिठाची पोती आणून तिच्या दारात ओतली असती.

पहिल्या शुक्रवारी ती निघाली. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आमच्या भागात चांगल्या घरच्या बायका नवस असला की असा जोगवा मागतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट आक्का दारात आली म्हणून बायकांची धांदल उडाली. "अंबाबाईचा जोगवा!" अशी हाक काय, हुकूमच तो. पीठ आणायला कुणी पळतंय, कुणी पाया पडतंय. चार घरं झाली. पाचवं घर दत्तोपंतांचं. त्यांच्या बायकोनं, माईनं, वाटीभर पीठ परडीत घातलं, हळदकुंकू वाहिलं, आणि आक्का वळली तोच शेजारचं दार उघडलं आणि येसाजी बाहेर आला.

त्यानं काय पाहिलं असेल? चार म्हशींची मालकीण अनवाणी, कपाळ माखलेलं, दारोदार पीठ मागतेय. त्याचं तोंड रडवेलं झालं. आत धावला, दुधाच्या पावडरीचा एक डबा घेऊन आला, आणि डाव्या हातानं तो डबा त्यानं देवीच्या परडीत, त्या पिठात, धपकन ठेवला.

"माताजी," तो म्हणाला, "आपण भिक्षा मागू नये. आपणांस जे कमी असेल ते मी देईन."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बस्स, तेवढं पुरे होतं. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भिक्षा? कुणाला भिकारीण म्हंतोस रं, मुडद्या? माझ्या म्हशी तुझ्यापरास बरं खात्यात! तूच दुसऱ्याच्या देशात येऊन भाड्याच्या खोलीत ऱ्हातोस, आन् मला कमी पडलं म्हंतोस?"

आणि डबा उचलून तिनं गटारीत भिरकावला. झाकण निघालं, पांढरी पावडर काळ्या पाण्यावर पसरली आणि कुठलं तरी कुत्रं येऊन ती चाटायला लागलं. येसाजीचे कान लालभडक झाले. तो आत गेला.

घरी गणपतरावांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "परडीतलं टाकलंस व्हय?"

"त्येनं घातलं न्हाय, कोंबलं," आक्का म्हणाली. "कोंबलेलं टाकाय काय हरकत न्हाय."

पण जोगतिणीला काही तिनं हे जाऊन विचारलं नाही. विचारायचं कशाला? म्हातारी काय म्हणेल ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी दत्तोपंत खाकरत दाराशी आले. पोटात गोष्ट राहायची नाही त्यांच्या. शनिवारच्या पत्रात येसाजीनं सगळं घरी कळवलं होतं. आमच्या गल्लीत एका धनिक व्यापाऱ्याच्या पत्नीला घरचे लोक उपाशी ठेवतात, तिला भीक मागावी लागते, तिच्यासाठी प्रार्थना करा. दत्तोपंतांनी ते पत्र वाचलं होतं. कसं वाचलं ते विचारू नये.

"आन् तुमी त्येला सांगितलं न्हाय, पंत?" आक्का कडाडली. "त्येला सदरहू शिकवाय येळ हाय, आन् जोगवा म्हंजे काय ते सांगाय न्हाय?"

पंतांनी मग सांगितलं. गुरुवारी त्याला घेऊनच आले. पोरगं उंबऱ्याबाहेर हात जोडून उभं. दारात आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय परत लावायचं नाही ही ह्या घरची रीत, म्हणून आक्कानं तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. गणपतरावांचा एक नंबरचा गूळ, सोन्यासारखा पिवळा! येसाजीनं खडा हातात घेतला, इकडंतिकडं फिरवला, आणि पाणी प्यायला काय केलं? पिशवीतनं आपली बाटली काढली. उकळलेलं पाणी.

आक्कानं ते पाहिलं. गाढवाला गुळाची चव काय, एवढं मनात म्हणाली.

"पंतांनी मला समजावले," तो म्हणाला. "ती भिक्षा नव्हती. ती देवीची उपासना होती. मी अज्ञानाने वागलो. पुन्हा माझ्याकडून असे होणार नाही."

"कळलं न्हवं? मग बास," आक्का म्हणाली आणि सूप घेऊन बसली.

दुसरा शुक्रवार झाला. तिसरा झाला, आणि त्याच रात्री रेडिओवर सांगितलं की लढाई पेटली. त्यानंतर गल्लीला दुसरं काम उरलं नाही. दत्तोपंतांच्या कट्ट्यावर ट्रान्झिस्टर लागायचा आणि कोर्टाची पायरी सोडून ज्यांनी काही पाहिलं नव्हतं असले लोक ढाक्याला कुठल्या वाटेनं जावं ते सांगायचे. आक्काला त्यांची किळस यायची. ह्यांच्यातल्या एकाचं तरी पोरगं तिथं होतं का? चौथ्या शुक्रवारच्या सुमाराला बातमी आली की अमेरिकेची लढाऊ बोट आपल्यावर निघाली आहे. झालं, तालमीतल्या पोरांना तेवढंच हवं होतं. अमेरिकेला हात पुरत नव्हता, येसाजीला पुरत होता. त्याच्या दारावर शेण बसलं. सायकलीच्या ट्यूबा कुणी फाडल्या. दत्तोपंतांनी त्याला बजावलं की बाहेर पाऊल टाकू नकोस, आणि स्वतः मात्र लोकांत म्हणायला लागले, "मी तर त्याला खोली सोडायला सांगणारच होतो."

आक्काला आनंद झाला. खोटं कशाला बोला? बरं झालं, म्हणाली. तिच्या पोरावर बोट घेऊन येणाऱ्यांचा पोरगा इथं सुखात का राहावा? सोमवारी धुणं दिसेना, बुधवारी सायकल दिसेना. खिडकी तेवढी फटभर उघडी असायची. आक्काचा जीव कुठं लागत नव्हता, त्यामुळं तांदूळ निवडायला बसलं की डोळे त्या फटीकडं जायचे, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

पाचव्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी रेडिओ ओरडला. आपण जिंकलो. दुश्मन शरण आला.

सगळं कोल्हापूर वेडं झालं. सकाळपासून फटाके, पेढे, गुलाल. गणपतरावांनी अडतीवर गुळाची ढेप फोडून वाटली आणि दुपारी बिंदू चौकात निघून गेले. आक्का उंबऱ्यात बसून राहिली. सगळ्या गावाला जय मिळाला होता, तिला एक कागदाचं चिटोरं हवं होतं. पोस्टमन दोन वाजता यायचा. तीन वाजले. साडेतीन झाले. चारच्या पुढं तो आला, तोंडाला गुलाल लावून, आणि लांबूनच म्हणाला, "आक्का, पेढं द्या की!" पत्र नव्हतं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो सायकलीवर न बसता, ढकलतच पुढं गेला.

मग ती उठली. मळवट भरला, परडी घेतली. उशीर झाला होता, पण पाच घरं म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

पण त्या दिवशी पायाही कुणी पडेना. पहिल्या घरी नवी सून होती, ती शेजारणीशी बोलत बोलतच पीठ टाकून गेली. दुसऱ्या घरी हाका मारून आक्काचा घसा सुकला तेव्हा कुठं पीठ पडलं. तिसरं, चौथं. चौथ्या घरची मंडळी तर दाराला कुलूप घालायच्याच बेतात होती, "आक्का, तुमी न्हाय येत मिरवणुकीला?" म्हणत चिमूटभर पीठ घातलं आणि पळाली. आता पाचवं, माईचं. आक्का वळली, तर माईच्या दाराला कुलूप.

बरं. धोंडुबाईचं घर. तिथंही कुलूप. त्यापलीकडं ज्ञानू लोहाराचं, तर त्याची म्हातारी आई तीन दिवसांपूर्वी गेलेली. सुतकातल्या घरचं चालत नाही. ज्ञानूची बायको दारात होती, तिनं आपण होऊनच मान हलवली. आक्का गल्लीच्या टोकाला गेली. कुलूप, कुलूप, कडी. पलीकडच्या गल्लीत शिरावं तर तोंडालाच मिरवणूक, लेझीम, ढोल, माणसाला माणूस चिकटलेलं, आणि सगळी दारं तिथंही बंद. तिला कुणी वाट देईना. "आक्का, नाचा की!" कुणी तरी ओरडलं. चार म्हशींच्या मालकिणीला! तिनं दात-ओठ खाल्ले आणि मागं फिरली.

ऊन आता दत्तोपंतांच्या कौलांच्या शेंड्यावर तेवढं उरलं होतं. अनवाणी पायाला कुणी फोडलेली काच लागली होती, त्याचंही तिला भान नव्हतं. चार घरं. चारच. तिच्या डोक्यात जोगतिणीचा आवाज घण घालत होता, आणि त्याच्या मागं, इतके दिवस दाबून ठेवलेला तो पहिल्या शुक्रवारचा डबा. तिनंच मोडलं होतं. पहिल्याच दिवशी, स्वतःच्या हातानं, तोऱ्यात. पोस्टमन रिकामा गेला तो उगीच नव्हे. आणि आता पाचवं घर मिळालं नाही तर? पुन्हा पहिल्यापासून पाच आठवडे? तोवर पोरगा तिकडं कुठल्या चिखलात...

सगळ्या गल्लीत एकच दार आतून लावलेलं होतं. बाहेरून नव्हे.

वेगळी चूल ती वेगळं घर. स्टोव्ह काय, चूलच की.

आक्का त्या दारासमोर येऊन उभी राहिली. फळ्यांवर शेणाचे डाग वाळले होते. देवी, काय दिवस दाखवलास! तिनं आवाज खाली आणला, म्हणजे तिला वाटलं आणला.

"अंबाबाईचा जोगवा!"

आत काहीतरी पडलं. कडी निघाली. येसाजी फटीतून दिसला, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्यानं आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं.

"आक्का, आपण येथे थांबू नये. लोक पाहतील. आपणांस त्रास होईल."

"जोगवा घाल."

तो परडीकडं बघत राहिला. मग त्यानं हात जोडले. "मला क्षमा करा. मी देऊ शकत नाही."

"का? पीठ न्हाय?"

"पीठ आहे."

"मग?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. हे देवीला जाते. मूर्तीला काही वाहणे माझ्या धर्मात मना आहे. अज्ञानाने केले ते निराळे. जाणून मी करू शकत नाही."

आक्काला वाटलं, ह्याच्या मुस्काटात ठेवून द्यावी. अरे, मूठभर पीठ! एवढं शेण झेलून, कोंडून बसून, ह्याला अजून आपला देव बाटायची भीती? "एका मुठीनं बाटतोय व्हय रं तुझा देव? इतका लेचापेचा?"

"हो," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण म्हणाला हो. "आपण स्वतः भुकेल्या असाल तर घरात आहे ते सगळे आपले. देवीसाठी मूठही नाही."

हा मूर्ख हटणार नाही, हे आक्काला त्याच्या मानेवरून कळलं. असली ताठलेली मान तिनं पाहिली होती. तिच्याच दारात उभं राहून एका पोरानं तिला सांगितलं होतं, मी गादीवर बसणार नाही. मारलं होतं तिनं त्याला. फरक पडला नव्हता.

कौलांवरचं ऊन गेलं. कुणाच्या तरी घरी दिवा लागायला आता किती वेळ? ढोल जवळ येत होता, माणसं परतायला लागली होती.

"भूक लागलीया मला," आक्का म्हणाली.

त्यानं परत परडीकडं पाहिलं.

"ऐकाय येत न्हाय? भूक लागलीया. सकाळपासनं अन्न न्हाय पोटात."

"देवीसाठी नाही ना?" त्यानं विचारलं. विचारायची काय अक्कल! पण विचारलं त्यानं, आणि त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आणि तिथं आक्काचं सगळं सुटलं. मानही, आवाजही. "न्हाय रं बाबा. माझ्यासाठी. माझ्या पोरासाठी. त्येचं पत्र न्हाय आलं. साऱ्या गावाला पेढं आलं, मला कागुद न्हाय आला. मी भिकारीण हाय. भीक घाल मला. हात जोडते, घाल."

चिमणाबाईनं खरोखरच परडी काखेत धरून दोन हात जोडले. बावीस वर्षांच्या, शेणानं माखलेल्या दारातल्या पोरापुढं. येसाजी आत पळाला. डबा घेऊन आला, मूठ नाही, वाटी नाही, अख्खा डबाच त्यानं परडीत उपडा केला. लालसर, जाडंभरडं पीठ. मिशनच्या वाटपाचं, त्याच्या देशातून बोटीनं आलेल्या गव्हाचं. थोडं तिच्या रक्ताळलेल्या पायावर सांडलं.

"त्याचे नाव काय?" त्यानं विचारलं.

"कृष्णात."

त्यानं मान हलवली. दार लावायलाही विसरला. आक्का वळली, तर गल्लीत धोंडुबाई आणि माई, गुलालानं माखलेल्या, तोंडं वासून उभ्या. मागं आणखी दहाजणी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. उद्या सकाळी ही गोष्ट पेठेत, संध्याकाळपर्यंत शाहूपुरीच्या अडतीवर. आक्काला ते कळलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला वाटत होतं ते वेगळंच. चोवीस घरांचं पीठ तिनं आजवर गोळा केलं होतं, पाटलानं सारा वसूल करावा तसं. आज पहिल्यांदा मागितलं. देवीला ठाऊक नसेल होय हे? ती आई आहे, ती काय दत्तोपंतांसारखी कलमं बघत बसणार?

दिवा लागायच्या आत तिनं चूल पेटवली. गव्हाचं ते पीठ जोंधळ्यात मिसळलं तरी भाकरी धड थापेना, कडा फाटत होत्या. पहिली कशीबशी तव्यावर पडली तेव्हा गणपतराव आले. टोपी गुलालानं भिजलेली, चेहरा मात्र काळाठिक्कर. ते निघायच्या आधीच बातमी चौकात पोचली होती.

"माझं नाक कापलंस," ते म्हणाले. "त्येंची बोट आपल्या पोरांवर आली, आन् तू त्येंच्या दारात हात जोडलंस? ते पीठ म्हशीला घाल. आपल्या पोत्यातलं घे."

"आपल्या पोत्यातलं माझंच हाय," आक्का म्हणाली. "हे मागून आणलंय."

तिनं भाकरी ताटात घेतली, चटणी नाही, तेल नाही, आणि कोरडीच खायला लागली. जड, करपट, घशात अडकणारी. एकेक घास पाण्याच्या घोटानं खाली ढकलत होती. गणपतराव उभेच होते. फोटो उतरवलेल्या खिळ्याकडं त्यांची नजर गेली, तिथनं परत तिच्या ताटाकडं आली. मग त्यांनी टोपी काढली आणि पाटही न घेता तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मला पण त्यातला तुकडा दे," ते म्हणाले.

आक्कानं ताट जवळ ओढून धरलं.

"असा न्हाय मिळत," ती म्हणाली. "त्येचं नाव घेऊन मागा."

गणपतरावांचा ओठ हलला, मिटला, परत हलला. वर्षात पहिल्यांदा त्या घरात त्यांच्या तोंडून ते नाव निघालं, आणि गुळाच्या अडतीच्या मालकानं बायकोपुढं हात पसरला.